दाबायचं राहिलंय

मास्तरांनी कोट हातात घेतला, उलटा केला, खांद्याच्या शिवणीवरून एकदा अंगठा फिरवला आणि घडी न घालताच मला परत दिला. ‘शिवलंय छान. दाबायचं राहिलंय.’ मला वाटलं, माझी ऐकण्यात चूक झाली. ‘अहो मास्तर, इस्त्री करूनच आणलाय की!’ ‘इस्त्री झालीय. दिसतंय ना,’ ते म्हणाले. ‘दाबलेलं नाही. दाबून आणा, मग काज करू.’ आणि समोरच्या ढिगातली एक खाकी चड्डी ओढून त्यांनी सुईखाली सरकवलीसुद्धा. तीन काजं. मी फक्त तीन काजांसाठी गेले होते. भर दुपारी, कोट जुन्या साडीत गुंडाळून, तान्ह्या पोराला न्यावं तसा छातीशी धरून. परत येताना राजवाड्यापाशी उसाचा रस घेतला, तो काही गोड लागला नाही.

त्या कोटाच्या कापडाचं वय छत्तीस वर्षं. बाबा १९८८ साली निवृत्त झाले तेव्हा कचेरीतल्या मंडळींनी वर्गणी काढून त्यांना सूटचं कापड दिलं होतं. धुरकट राखाडी, अस्सल लोकरीचं, बोटात धरलं की जड आणि तरी मऊ. बाबांनी ते दोनदा उलगडून पाहिलं, ‘आता सूट घालून कुठं, मंडईत जाऊ?’ म्हणाले आणि आईनं ते डांबरगोळ्यांसह कपाटात ठेवलं. मग बाबा गेले, आई गेली, कपाटसुद्धा गेलं. कापड मात्र माझ्याकडे आलं. गेल्या वर्षी बँकेतून मीही निवृत्त झाले, मला कुणी कापड दिलं नाही, भिंतीवरचं घड्याळ दिलं. साताऱ्याची थंडी तशी सोसण्यातली, पण डिसेंबरात पहाटे फिरायला जाताना अजिंक्यताऱ्याकडून येणारा वारा कानात शिरतो. तेव्हा म्हटलं, आपलाच कोट शिवायचा. ब्लाऊज, परकर, नातीचे फ्रॉक हे सगळं हाताखालून गेलेलं. कोट कधीच नाही. दीड महिना लागला. कोटाला आतून ताठपणा देणारा कॅनव्हास हातानं टाचला, अस्तर दोनदा उसवलं. अशा वस्तूला ‘राहिलंय’ म्हणणारा माणूस मला त्या दिवशी फारसा आवडला नाही.

घरी आल्यावर मी कोट खिडकीतल्या उजेडात धरला. मास्तरांचं वाक्य डोक्यात नसतं तर काही दिसलं नसतं. आता सगळंच दिसायला लागलं. खांद्याची शिवण सुलट बाजूनं किंचित फुगीर, शेवग्याच्या शेंगेसारखी. छातीच्या टकांची टोकं फोडासारखी उठलेली. कॉलरची कड गोलमटोल, दुमडल्यावर जिथं धार यायला हवी तिथं उशीची खोळ वाटावी अशी. आणि सगळ्यात वाईट म्हणजे डाव्या छातीवर रुपयाएवढी चमक. तिथं मी इस्त्री जरा जोर देऊन फिरवली होती, जास्त नीट व्हावं म्हणून.

तर इस्त्री करणं वेगळं आणि दाबणं वेगळं. आपल्या घरात दोन्हींना इस्त्रीच म्हणतात, शिंप्याच्या दुकानात म्हणत नाहीत. धुतलेल्या कपड्याच्या सुरकुत्या घालवायला आपण इस्त्री पुढं-मागं ढकलतो. ती सरकली पाहिजे, हेच त्या कामाचं सुख. शिवताना मात्र ती सरकवायची नसते. उचलायची, ठेवायची, थांबायचं, उचलायची, शेजारी ठेवायची. ‘इस्त्री’ हा शब्द पोर्तुगिजांकडून आला असं मानतात, त्यांच्या ‘एस्तिरार’वरून, आणि त्याचा अर्थ ताणणं. हे वाचलं तेव्हा मला माझे आजवरचे सगळे लांबलेले गळे आठवले. उरेब, म्हणजे कापडाच्या विणीला तिरक्या, कापलेल्या गळ्यावर इस्त्री ढकलली की तो गळा ताणला जातो, मग तो खांद्यावरून घसरतो, मग आपण म्हणतो, कटिंग चुकलं. कटिंग चुकलेलं नसतं. शब्दानं सांगितलं तेच आपण केलेलं असतं.

मला मास्तरांचं दुकान त्यांच्या वडिलांच्या वेळेपासून माहीत आहे. तेव्हा ते ‘मास्तर’ नव्हते, काज करणारा पोरगा होते. आमच्या भागात फौजी घरं पुष्कळ, आपशिंग्याकडची माणसं सुट्टीवर आली की गणवेश नीट करून घ्यायला तिथं यायची आणि बाकड्यावर ताठ बसायची. आईबरोबर मी गेले की त्या बाकड्याच्या कडेला बसे. पुढं मशीन, मागं निळा पडदा. पडद्यामागं काय चालायचं ते दिसत नसे, ऐकू येई. आधी ‘चर्रर्र’. ओल्या फडक्यावर तापलेलं लोखंड टेकल्याचा आवाज. लगेच पडद्याखालून वाफ, आणि तिच्याबरोबर एक वास. भिजलेल्या घोंगड्याचा. पावसाळ्यात धनगराची मेंढरं रस्त्यावरून गेली की मागं राहतो, तो. मग ‘ठप्प’. एकदाच. लाकडावर लाकूड नाही, कशावर तरी लाकूड. आणि त्यानंतर बराच वेळ काहीच नाही. मला लहानपणी वाटायचं, आतला माणूस ‘ठप्प’ करून झोपतो बहुतेक.

तो झोपत नव्हता. तो लाकडाचा ठोकळा धरून उभा असायचा.

हे कळायला मला साठी गाठावी लागली आणि मोबाइलवर दहाबारा व्हिडिओ बघावे लागले. परदेशातल्या घरच्या घरी शिवणाऱ्या बायका टेबलावर एकेक हत्यार मांडून दाखवतात. डुकराच्या मांडीच्या आकाराची, दगडासारखी टणक उशी. लांबोळी लोडासारखी गुंडाळी. बाही चढवायची अरुंद फळी. कॉलरच्या टोकासाठी चोचीसारखं लाकूड. मखमलीसाठी बारीक तारांचा काटेरी पट्टा, म्हणजे लव चेंगरत नाही. (आपल्याकडे मखमलीच्या ब्लाऊजला मखमलीचाच दुसरा तुकडा खाली घालतात, लवेवर लव, काम तेच होतं.) आणि तो ठोकळा. पॉलिश नाही, वार्निश नाही, कोरडं कठीण लाकूड. मागवायला गेले तर उशी आणि ठोकळ्याची मिळून किंमत अशी की तेवढ्यात चांगला शिवलेला कोट आला असता. मी मोबाइल बंद केला आणि स्वयंपाकघरात गेले.

उशी घरी करायची ठरवली. वखारीतून लाकडाचा भुसा आणला, तिथला माणूस म्हणाला, ‘बाई, चुलीला का?’ मी ‘उशीला’ म्हटल्यावर त्यानं माझ्याकडं जरा काळजीनं पाहिलं. भुसा चाळणीनं चाळला, ढलप्या काढल्या, गच्चीत दोन दिवस वाळवला. मोठ्या अंड्याच्या आकाराचे दोन तुकडे कापले, एका टोकाला निमुळते. एक बाजू जाड मांजरपाटाची आणि दुसरी जुन्या लोकरी शालीची. हे दोन बाजूंचं प्रकरण उगाच नाही. सुती आणि लिननच्या कापडाला ताव जास्त लागतो, तो मांजरपाट सोसतो. लोकरीला वाफ लागते, ती शालीत धरून राहते. मग भरणं. सोपं वाटलं होतं. भुसा मुठीनं घालायचा, लाटण्याच्या टोकानं ठेचायचा, परत घालायचा. संपतच नाही. भरली असं वाटावं आणि अंगठा दाबला की खड्डा. तीन तास आणि सव्वा किलो भुसा. शेवटी तोंड शिवताना सुई मोडली. उशी म्हणतात, पण तिच्यावर डोकं टेकलं तर मान अवघडेल अशी ती व्हावी लागते. कापूस का नाही? कापूस दबतो, गोळे होतात, आणि तुम्ही वरून दाबलेला जोर गिळून टाकतो. भुसा जोर परत देतो आणि जास्तीची वाफ पिऊन घेतो. फोमचा तर प्रश्नच नको, तापला की त्याचं काय होईल ते नाकालाच आधी कळेल.

पहिली उशी वाया गेली. भुसा सागाचा होता, त्यातला तेलकट पिवळा रंग वाफेबरोबर वर आला आणि चाचणीसाठी घेतलेल्या पांढऱ्या तुकड्यावर चहा सांडल्यासारखा डाग पडला. कोटावर आधी करून पाहिलं नाही ही माझी पुण्याई. दुसऱ्या उशीला आत जाड कापडाची आणखी एक खोळ घातली आणि भुसा कुठल्या लाकडाचा ते विचारून आणला. वखारवाला आता मला ओळखतो. ठोकळ्यासाठी लाकूड मागायला गेले तेव्हा त्यानं मला पिवळट पांढरी फळी काढून दिली. ‘हे घ्या. शिवण.’ शिवणीसाठी शिवणीचं लाकूड, मला तर शकुनच वाटला! हातात घेतलं तर हलकं. बिलकूल भार नाही. शिवणीचं लाकूड सरळ राहतं, वाकत नाही, म्हणून सुतारांना प्रिय, पण ठोकळ्याला वजन हवं. फळी तशीच परत दिली. शब्द जुळले म्हणून काम जुळतंच असं नाही, हे लग्नाच्या पत्रिकांवरून मला माहीत असायला हवं होतं.

ठोकळा शेवटी माळ्यावर सापडला. आजोळचं धुण्याचं धोपाटणं. आजी कृष्णेवर न्यायची ते. चपटं, वीतभर रुंद, मुठीला गोल, कडा झिजून गुळगुळीत. कसलं लाकूड ते माहीत नाही, दगडासारखं जड आहे. चाळीस-पन्नास वर्षं पाण्यात आणि उन्हात राहिलेलं, त्यामुळे त्यातला रंग, तेल, रस जे काय निघायचं ते कधीच निघून गेलेलं. मी त्यावर ओलं पांढरं फडकं ठेवून वर गरम इस्त्री ठेवली. फडकं पांढरंच राहिलं. आजीनं ते कपडे बडवायला वापरलं, त्यातल्या एका हिसक्यानं माझ्या मामाच्या सदऱ्याची सगळी बटणं फुटली होती म्हणे. मी त्याच लाकडाला आता कापडाला नुसतं धरून राहायला सांगणार होते.

लांबोळी गुंडाळी मात्र हाताशीच होती. जाड, सरळ लाटणं घेतलं, त्याला शालीचा उरलेला तुकडा घट्ट गुंडाळून टाके घातले. शिवणीच्या दोन्ही बाजूंना आत जे कापड सोडतो त्याला आपण ‘माया’ म्हणतो. माया फाकवून सपाट फळीवर दाबली की तिच्या दोन्ही कडा सुलट बाजूला रेघेसारख्या उमटतात. माझ्या कोटाच्या पाठीवर अशा दोन समांतर रेघा होत्या, कुणीतरी पेन्सिलीनं आखल्यासारख्या. लाटण्यावर शिवण ठेवली की फक्त शिवण तेवढी वर येते, माया दोन्हीकडं उतारावरून खाली घसरते, इस्त्रीच्या तावडीत सापडत नाही. इतकी साधी गोष्ट. मला राग आला. पोळ्या लाटण्यात हयात गेली आणि हे कुणी सांगितलं नाही.

आईनं सांगितलं होतं का? हा विचार मात्र त्या रात्री फार वेळ आला. आई चाळीतल्या बायकांचे ब्लाऊज शिवायची. एका ब्लाऊजचे तीन रुपये, अस्तराचे पाच. घरात इस्त्री नव्हती. कोळशाची पितळी इस्त्री परटाकडे, सहा-सात किलोंची, ती उचलायलाच दोन हात लागत. अगदीच अडलं तर आई तांब्यात निखारे घालून तो फिरवायची, पण त्याला राख लागण्याची धास्ती. तिचं खरं हत्यार म्हणजे उजव्या अंगठ्याचं नख. शिवण मारली की लगेच, मशीनवरून उठायच्या आधी, ती ती शिवण मांडीवर पसरायची, माया फाकवायची आणि नखानं वरपासून खालपर्यंत दाबत न्यायची. ‘सुर्रर्र’ असा बारीक आवाज व्हायचा. त्या नखाला मधोमध आडवी खाच पडली होती, कडेला पिवळट. मला त्या नखाची लाज वाटायची. शाळेच्या स्नेहसंमेलनाला आई आली तेव्हा मी तिला म्हटल्याचं आठवतं, पदर हातावर घे.

आणि रात्री ब्लाऊज गादीखाली. तयार झालेले ब्लाऊज पाण्याच्या हातानं हलके ओलसर करायचे, नीट घडी घालायची, मध्ये मांजरपाट, आणि माझ्या गादीखाली. माझ्याच का, तर भाऊ लाथा झाडायचा. ‘वळवळ करू नकोस गं, खाली वरच्या मजल्यावरच्या काकूंचा ब्लाऊज आहे.’ मी कुशीवर वळताना दचकायचे. सकाळी आई हात घालून घडी काढायची, ती धारदार, थंड, पानासारखी. लोक म्हणत, हिच्याकडचा ब्लाऊज अंगावर वेगळाच बसतो. ताव नव्हता, उशी नव्हती, पण ओल होती, भार होता आणि रात्रभराची सवड होती. भाराचं काम मी करत होते, झोपेत, फुकट.

लोकरीला मात्र तावाशिवाय भागत नाही. मेंढीची लोकर आणि आपले केस एकाच प्रथिनाचे, केराटिनचे. त्याच्या आत बारीक बारीक बंध असतात, त्यातले काही ओल आणि उष्णता मिळाली की सुटतात, आणि थंड-कोरडं होताना जसं धरून ठेवलं असेल तशा आकारात पुन्हा जुळतात. पार्लरमध्ये सरळ करून आणलेले केस वळवाच्या पहिल्या सरीत पुन्हा कुरळे होतात, त्यामागंही हेच. लोकर स्वतःच्या वजनाच्या तीस टक्क्यांपर्यंत पाणी पोटात घेते आणि हाताला तरी ओली लागत नाही. म्हणून तिला वाकवता येतं, आकसवता येतं, एखाद्या ठिकाणी फुगवता येतं. टेरिकॉटचं तसं नाही, ते हट्टी, फार तापवलं तर वितळून बसतं. लेबलवर इस्त्रीच्या चित्रात एक ठिपका असेल तर ११० अंश, दोन असतील तर १५०, तीन असतील तर २००. लोकरीला दोन ठिपके. मी कोटाला तीनच्या तावावर धरलं होतं, वर ओलं फडकं नाही काही नाही. बारीक लव जागच्या जागी चपटी झाली, आणि चपट्या लवेवरून उजेड सरळ परत येतो. ती चमक म्हणजे तीच.

मग एका रविवारी सकाळी बसले. टेबलावर घोंगडी चौपदरी, वर पांढरी चादर. मांजरपाटाचं फडकं ओलं करून घट्ट पिळलेलं. ते मांजरपाट दोनदा धुऊन त्याची खळ काढून टाकलेली, नाहीतर खळ जळते आणि इस्त्रीच्या तळाला चिकटते. सुरुवात टकांपासून. टक म्हणजे काय, सपाट कापडाला छातीचा उंचवटा द्यायचा म्हणून घेतलेली चिमूट. आणि मी मूर्ख बाई ती चिमूट सपाट फळीवर ठेवून परत सपाट करत होते. या वेळी टक उशीच्या उतारावर ठेवला, टोक बरोबर गोलाईवर. फडकं, इस्त्री, ‘चर्रर्र’. तो वास आला. घोंगड्याचा, त्यात छत्तीस वर्षांच्या डांबरगोळ्यांचा, आणि त्याच्याही खाली कुठंतरी आईच्या कपाटाचा. मी इस्त्री उचलली, फडकं काढलं, धोपाटणं ठेवलं आणि दोन्ही हातांनी धरून उभी राहिले.

आणि काहीच केलं नाही.

हे सगळ्यात कठीण. लाकूड वाफ ओढून घेतं, पण ताव लगेच सुटू देत नाही. कापड त्याच्याखाली हळूहळू थंड होतं, ते पुरतं थंड होईपर्यंत हलवायचं नाही. पन्नासपर्यंत मोजायचं. मला वीसलाच उचकून बघावंसं वाटायचं. बघितलं की गेलं, गरम कापड हातात आलं की पुन्हा सैल पडतं. बँकेत चाळीस वर्षं काउंटरवर रांगेतल्या माणसांना ‘जरा थांबा’ म्हणत आले, स्वतःला कधी म्हणावं लागलं नव्हतं. पन्नास मोजताना खिडकीतून शेजारच्या गच्चीवरची पापडं दिसत होती, कुणाच्या तरी कुकरची तिसरी शिट्टी झाली, पाय दुखायला लागले. लाकूड उचललं. टकाचं टोक नाहीसं झालं होतं. म्हणजे टक होता, फुगवटा होता, पण कुठं सुरू होतो ते दिसत नव्हतं. मी एकटीच होते, तरी मोठ्यानं ‘अगंबाई’ म्हणाले.

बाहीनं दोन दिवस खाल्ले. मुंढ्यापेक्षा, म्हणजे बाही जिथं जोडायची त्या गोलाईपेक्षा, बाहीचा माथा इंच-सव्वा इंच मोठा कापलेला असतो, ते जास्तीचं कापड चुण्या न पडता आत मुरवायचं असतं. लोणच्यासारखं, मुरलं पाहिजे. धावदोऱ्यानं हलकं ओढून घ्यायचं, माथा उशीच्या निमुळत्या टोकावर चढवायचा आणि वाफ द्यायची, इस्त्री जेमतेम टेकवून. चुण्या डोळ्यांदेखत आकसतात, पाण्यावरचे तरंग विरावेत तशा. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी नातीला हाक मारली, ती म्हणाली, ‘आजी, मॅजिक!’ आणि तिच्या टॅबकडं परत गेली. डाव्या बाहीला एक चुणी राहिली. दोनदा केलं, तिसऱ्यांदा करायला गेले तर कापड थकल्यासारखं दिसायला लागलं, तेव्हा सोडलं. कॉलरची टोकं लाटण्याच्या मुठीवर दाबली. ती बरी झाली.

नामदेवांचं एक पद आहे, गुरू ग्रंथसाहिबात आलेलं. त्यात मनाचा गज होतो, जिभेची कात्री, सोन्याची सुई, रुप्याचा दोरा. शिंप्याचं सगळं दुकान देवाच्या कामाला लागलेलं. मी ते मनात घोळवत होते आणि लक्षात आलं की त्यात मापणं आहे, कापणं आहे, शिवणं आहे, दाबणं नाही. संतांवर हरकत घेण्याइतकी माझी पोच नाही, पण गंमत वाटली. शिवणाचं कौतुक करताना लोक टाका बघतात. ‘किती बारीक टाका!’ चांगलं दाबलेलं असलं की तिथं बघण्यासारखं काही उरतच नाही. आईच्या नखाची कुणी कधी तारीफ केलेली मला आठवत नाही. तारीफ ब्लाऊजची व्हायची.

आणि खरं सांगायचं तर या सगळ्याचा आनंद जसा झाला तसा थोडा संकोचही वाटला. माझ्यासाठी हा विरंगुळा. चुकलं तर चुकलं, पेन्शन येतेय. एका टकापायी अर्धा तास उभी राहू शकते, कारण पलीकडं गिऱ्हाईक दारात उभं नाही. आईला एका संध्याकाळी चार ब्लाऊज द्यायचे असायचे. भुशाची उशी, लाटण्याची गुंडाळी, धोपाटणं हे सगळं मी मांडून ठेवलं तेव्हा ती असती तर काय म्हणाली असती? बहुतेक म्हणाली असती, ‘लाटणं बाटवलंस का?’ आणि मग उशीवर अंगठा दाबून बघितला असता. खाच असलेला.

मंगळवारी कोट घेऊन पुन्हा गेले. या वेळी साडीत गुंडाळला नाही, हँगरला लावून, रिक्षानं. दुकानात तोच खाकी ढीग, बहुतेक नवा. मास्तरांनी चष्मा कपाळावरून खाली घेतला. कोट उलटा केला. खांद्यावरून अंगठा, पाठीच्या शिवणीवरून अंगठा, मग सुलट करून कॉलर दुमडून पाहिली, सोडली, परत पाहिली. डाव्या बाहीपाशी थांबले. तिथली ती एक चुणी त्यांनी बोटानं नुसती टिचकावली, माशी उडवावी तशी. मग छातीवरची चमक दिसली. कोट उजेडाकडं तिरका धरून म्हणाले, ‘ओल्या फडक्याशिवाय?’ मी मान हलवली. ‘वाफ देऊन, वरून दात घासायच्या ब्रशनं लव उठवा. थोडी जाईल. सगळी नाही जायची.’

मी काही म्हणायची वाट बघत होते. ‘आता झालं’ किंवा ‘छान’, असं एखादं. त्यांनी खडू घेतला, पुढच्या पट्टीवर तीन बारीक खुणा केल्या, मधलं अंतर टेपनं नाही, दोन बोटांनी मोजून. मग ड्रॉवर उघडून राखाडी दोऱ्यांची तीन रिळं कापडाशेजारी एकेक करून लावून पाहिली.

‘काज हातानं घालू ना?’ ते म्हणाले. ‘गुरुवारी या.’